मुलं नसलेली बोट

काकूंच्या लॉजवर खोली मिळणार की नाही, हे पाहुण्याच्या चपलांवर ठरायचं. गाडी फाटकाशी थांबली की काकू पडवीत येऊन उभ्या राहायच्या. तोंडाने "या, या, प्रवास कसा झाला?" चालू असायचं, नजर मात्र खाली. पाहुण्याने चपला जोडीने काढून भिंतीकडे सरकवल्या तर त्याला समुद्राकडची खोली. एक इकडे आणि एक तिकडे भिरकावली तर मागची, वाडीकडची, जिथे पहाटे पत्र्यावर झावळी पडली की माणूस अंथरुणात उठून बसतो. आणि कुणी बुटासकट आत पाऊल टाकलंच तर काकूंना एकदम आठवायचं की अरेच्चा, आज सगळ्या खोल्या पुण्याच्या एका मंडळाने घेतल्यात. "माणूस चपला काढतो तशीच खोली सोडतो," हे त्यांचं शास्त्र. मी मुरुडला मुलांना विज्ञान शिकवत होतो, पण ह्या शास्त्राला अपवाद मला तीन वर्षांत सापडला नाही.

मी त्यांचा भाडेकरू. शाळेत नोकरी लागली म्हणून एस्टीतून उतरलो आणि खोली शोधत त्यांच्या पडवीत पोचलो, तेव्हा माझ्या पायात पट्ट्यांचे सँडल होते. ते उभ्याने निघत नाहीत. मी खाली बसून पट्टे सोडवत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, "असू दे, असू दे. खोली आहे." पुढे काय शिकवता, गाव कुठलं, लग्न झालंय का, हे सगळं त्यांनी दोन महिन्यांनी विचारलं. तेही मी आपण होऊन विषय काढला म्हणून.

लॉजच्या रजिस्टरात नाव, गाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ असे रकाने असतात. काकूंनी त्यात पट्टीने एक जास्तीचा रकाना आखला होता: शेरा. एकदा त्या बाजारात गेल्या असताना मी तो चोरून वाचला आणि दुपारचं जेवण विसरलो. 'कुटुंब चार. मोठा मुलगा बरा. धाकटा चावरा.' 'आजोबा सोबत. घोरतात. बाकी सज्जन.' 'नवीन लग्न. भांडण होईलसं वाटतं.' आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीच्या शाईत एकच शब्द: 'झालं.'

लहान मुलांशी त्या 'अहो-जाहो' करायच्या. मुंबईचं एखादं कार्टं गच्चीच्या कठड्यावर चढलेलं दिसलं की काकू खाली उभ्या राहून शांतपणे विचारायच्या, "अहो, वय काय तुमचं?"

"सहा."

"मग सहा वर्षांच्या माणसाने तिथे चढावं का? तुम्हीच सांगा."

आपल्याला कुणीतरी माणूस म्हटलं ह्याच धक्क्याने ते पोर खाली उतरायचं. आयांना हे आवडायचं नाही. म्हातारी खडूस आहे, तिला मुलं आवडत नाहीत, असं बोललं जायचं. आमच्याकडे धुणीभांडी करायला कोळीवाड्यातून एक बाई यायच्या, त्या मात्र काकूंची बाजू घ्यायच्या. "काकूला पोरांचा राग न्हाय," त्या म्हणायच्या, "पोरांच्या बापांचा हाय."

काका ह्याच्या अगदी उलट. बुटके, गप्प, शर्टाच्या खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर. लॉजचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. प्रत्येक खोलीत पलंगाशी एक बटण आणि खाली स्वयंपाकघरात एक लाकडी फळा. पाहुण्याने बटण दाबलं की फळ्यावर त्या खोलीच्या आकड्याचा दिवा लागायचा आणि बेल अशी कडाडायची की गॅसवरचं दूध उतू जायच्या ऐवजी खाली बसावं. फळा दाखवताना काकांचा चेहरा उजळायचा. तो फळा, त्या भिंती, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा त्यांनी गवंड्याच्या जोडीने उभं राहून बांधलेल्या.

वयाने काकांना कमी ऐकू यायला लागलं होतं. मुलीने नाशिकहून दोन्ही कानांची यंत्रं आणून दिली होती. सोमवार ते गुरुवार ती कानात असायची. शुक्रवारी दुपारी पहिली गाडी फाटकात शिरली की काका ती काढून सुपारीच्या डबीत ठेवायचे, आणि रविवारी शेवटची गाडी गेल्यावर परत घालायचे. काकूंचं म्हणणं, पोरांच्या किंकाळ्या यंत्रातून त्यांच्या कानात खिळ्यासारख्या शिरतात, बिचारे सोसणार तरी किती. सुट्ट्यांच्या दिवसांत तर यंत्र महिना महिना डबीतच. मग शुक्रवार ते रविवार काकू हातवाऱ्यांनी बोलायच्या. दोन बोटं म्हणजे मोटर चालू करा, मूठ म्हणजे बंद करा.

आता खरी गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला म्हातारीचा चाळा वाटेल. काकूंना लॉज बंद करायचं होतं. गुडघे गेले होते. दिवसातून वीस वेळा जिना चढायचा, कुणाला चहा, कुणाला जादा उशी, कुणाच्या नळाला पाणी नाही. रात्री पाय भिंतीला लावून पडायच्या. पण हे त्यांना काकांना विचारायचं होतं, आणि विचारता येत नव्हतं. एक तर त्या माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेलं. "बंद करू या का" म्हटलं तर तो आतून मोडेल ही भीती. आणि दुसरं म्हणजे नियम.

नियम सासूबाईंचा. पाहुणा घरात असताना घरची गोष्ट काढायची नाही. सासूबाईंच्या काळी दोनच खोल्या होत्या. त्या वेळी कधीतरी दोन जावांमध्ये एका सोन्याच्या गोठावरून जोराचं भांडण झालं. वरच्या खोलीत अलिबागचा एक व्यापारी उतरला होता. तो सकाळच्या गाडीने गेला, आणि घरातलं भांडण मिटायच्या आधी अलिबागच्या बाजारात त्यावर दोन तट पडले. तेव्हापासून सासूबाईंनी हा नियम घातला, आणि काकूंनी लग्नाच्या दिवसापासून तो पाळला. बाकी कसले नियम त्या मानत नव्हत्या. उपास नाही, सोवळं नाही. हा एक मात्र मरेपर्यंत.

गंमत अशी की ते घर कधी रिकामंच नसायचं. पर्यटक नसत तेव्हा पावसाळाभर मुक्कामी एस्टीचे ड्रायव्हर-कंडक्टर खालच्या खोलीत असत. ते बंद झाले तर पावसातही शनिवार-रविवार मुंबईची माणसं यायला लागली. मुलीचं लग्न म्हणे ह्या दोघांनी मागच्या वाडीत माडाखाली उभं राहून दहा मिनिटांत ठरवलं. पण आता प्रत्येक दोन माडांच्या मधे झोपाळा, आणि झोपाळ्यात पाहुणा. किनाऱ्यावर जावं तर वाऱ्याने काकांच्या यंत्रात नुसता घोंगाट. नाशिकला मुलीकडे जावं तर तिथे आपणच पाहुणे, नियम उलटा लागू.

एकदा रंगकामाच्या नावाखाली लॉज तीन दिवस बंद ठेवून दोघं गणपतीपुळ्याला निघाली. महाडला एस्टी चहाला थांबली. काका उतरले ते परत चढलेच नाहीत. त्यांना आठवलं की पाण्याची मोटर चालू राहिली. समोर परतीची गाडी उभी होती, ते तिच्यात बसले. काकू एकट्या पुळ्याला गेल्या, एकटीने दर्शन घेतलं, एकटीने मोदक खाल्ला आणि परत आल्या. मोटर बंदच होती.

हे सगळं मला सांगितलं शेजारच्या चाचांनी. चाचांनी बावीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला होता. मुलगे आखातात, घरात हे आणि चाची. संध्याकाळी भिंतीवरून कधी बोंबील द्यायचे, कधी सल्ला. काकूंच्या डोक्यात बोट घातली ती ह्यांनीच. "वैनी," ते म्हणाले होते, "बोटीतून उतरून एस्टी पकडता येत नाही. चहूकडं पानी. माणूस जाईल कुठं? आमचे कप्तानसाब कुणाशी बोलायचे नाहीत. दहा दिवस झाले की तेपन माझ्याकडं येऊन बसायचे, सांगायचे, बायको अशी, सासरा तसा."

त्याच गप्पांत चाचा मला असंही म्हणाले, "सर, आता पावसात गिऱ्हाईक नसतं सोमवार ते गुरुवार. पण तुमी असता ना."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मे महिन्यात आणि दिवाळीत मी गावी जायचो तेव्हा लॉज भरलेलं. पावसात आडवारी लॉज रिकामं, तर शाळा चालू आणि मी हजर. तीन वर्षं त्या घरातला शेवटचा पाहुणा मीच होतो. एक बाई आपल्या नवऱ्याशी बोलायला जागा शोधतेय, आणि मी मागच्या खोलीत पंखा लावून पेपर तपासतोय! मला इतकी लाज वाटली की मी तसाच काकूंकडे गेलो.

"काकू, मी चार दिवस थळला मित्राकडे जातो."

"का? काय विशेष?"

"तुम्हाला जरा... घरात मोकळं."

त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. "चाचा बोलले वाटतं. हे बघा सर, राहत्या माणसाला आपल्या बोलण्यासाठी बाहेर पाठवलं, तर तो थळला बसून दुसरं काय करेल? हाच विचार करेल की आता ही दोघं काय बोलत असतील. मग तो घरातच राहिलेला काय वाईट?"

त्याच रात्री जेवणानंतर त्या वही घेऊन माझ्या दारात आल्या. "सर, तुमच्या त्या मोबाईलवर बोट बघायची आहे."

"किल्ल्यावर जायची?"

"ती नव्हे. मोठी. राहायची."

वहीत तीन अटी होत्या. एक, मधेच उतरता येऊ नये. दोन, फोन लागू नये. तीन, मुलं नकोत. पहिल्या दोन अटी कुठलाही समुद्र पुऱ्या करतो. तिसरीसाठी दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दोन कंपन्या निघाल्या, ज्या हंगामात एखाददुसरी फेरी फक्त मोठ्यांसाठी काढायच्या. मुंबईहून निघायचं, गोवा, केरळ, आणि पाचव्या दिवशी परत.

मी फोटो दाखवायला लागलो. निळं पाणी, पोहायचा तलाव, हातात पेले घेऊन हसणारी जोडपी. काकू जोडप्यांकडे बघतही नव्हत्या. "हे मोठं करा," म्हणून त्यांनी खोलीच्या फोटोचा कोपरा दाखवला. "टॉवेलाचा हंस कशाला केलाय?"

"शोभेसाठी."

"नाही. टॉवेल जुना असला की त्याचा हंस करतात. उलगडून बघायची सोय राहत नाही." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, शेरा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फोनाफोनी. मी फोन स्पीकरवर ठेवून मधे बसलो. पलीकडची मुलगी मुंबईची, "हॅलो मॅम, बोला ना, काय हेल्प करू?" काकूंनी विचारलं, सकाळचा चहा किती वाजता, पाण्याची टाकी केवढी, न्हाणीघराची जाळी तुंबली तर कोण काढतो, आणि काचेच्या आत, वारा न लागता बसायची जागा आहे का. मुलीने अर्ध्या प्रश्नांना "चेक करून सांगते" म्हटलं. मग काकूंनी मुख्य मुद्दा काढला.

"मुलं खरंच नसतात ना?"

"नो किड्स, मॅम. पक्का."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "झालं तर मग."

"काय झालं? आमच्या फाटकावर पण लिहिलंय, पाळीव प्राणी आणू नयेत. गेल्या महिन्यात दोन कुत्री आणि एक पोपट राहून गेला. लिहिलेल्याला काय करायचं, वाकतात की नाही ते बघायचं." तासाभराने त्यांनी पुन्हा फोन लावायला लावला. ह्या वेळी आवाज बारीक, जरा रडवेला. "ताई, माझा नातू आहे हो बारा वर्षांचा. वयाच्या मानाने फार शहाणा. एका कोपऱ्यात बसेल."

"ओके मॅम, तुम्ही बुक करा, आपण काहीतरी ॲडजस्ट करू."

काकूंनी त्या कंपनीवर काट मारली. दुसऱ्या कंपनीला तोच नातू. तिथली मुलगी म्हणाली, नाही. नातू पंधरा वर्षांचा झाला. नाही. मग काकूंनी शेवटचा डाव टाकला. "साडेसतरा पूर्ण आहेत हो. मिशी फुटली आहे. बघितलंत तर तुम्ही काकाच म्हणाल."

"सॉरी आजी. अठरा पूर्ण लागतात. पुढच्या वर्षी या त्याला घेऊन."

काकूंनी समाधानाने वही मिटली. "मुलगी चांगल्या घरातली आहे. ही बोट घ्या."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. म्हातारा-म्हातारी बोटीवर चाललीत, आणि ती बोट म्हणे फक्त प्रौढांसाठी! पानाच्या टपरीवर साठीच्या एका गृहस्थांनी डोळे मिचकावून विचारलं, "काय काकू, आम्हाला नेणार का?" काकू जाता जाता म्हणाल्या, "तुमचं वय भरत नाही अजून."

काकांना त्यांनी मुलांच्या बंदीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. नुसती बोट, एवढंच. ते येतील की नाही ही मला धाकधूक होती. काकांनी एकच प्रश्न विचारला, "बोटीवर वीज कुठून येते?" मी म्हटलं, बोटीवरच तयार होते, मोठमोठे जनरेटर असतात. "बघायला मिळेल?" मी म्हटलं, विचारून बघा. तेवढ्यावर तो माणूस पाच दिवस घर सोडायला तयार झाला.

फेब्रुवारीत दोघं गेली. लॉजला कुलूप, फाटकावर पाटी, आणि मागच्या खोलीत मी. जाताना काकांनी मला मोटरचं बटण तीन वेळा दाखवलं. काकू नवी साडी नेसल्या होत्या. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "सर, एखादी गोष्ट विचारायच्या आधीच तिचं उत्तर माहीत असलं तर विचारावी का?" त्यांना खात्री होती की उत्तर 'नाही' आहे. आणि एकदा 'नाही' ऐकलं की उरलेलं आयुष्य तो जिना.

ते पाच दिवस माझे फार वाईट गेले. एवढा उद्योग करून आपण ह्या दोघांना भर समुद्रात एकमेकांसमोर बसवलंय, आणि काका दुखावले तर तिथून उठून जायलासुद्धा जागा नाही, हे राहून राहून मनात यायचं. वर्गात मी ज्वलनाचा धडा दोनदा शिकवला. चाचा रोज भिंतीवरून विचारायचे, "काय खबर?" फोन लागत नव्हता. तीच तर अट होती.

सहाव्या दिवशी दुपारी रिक्षा आली. आधी काका उतरले. यंत्रं कानात. मग काकू. मी दोघांचे चेहरे बघत होतो, काही कळत नव्हतं. काकूंनी पडवीत चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या सरळ करायच्या विसरून आत गेल्या. "आधी चहा," म्हणाल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "बसा सर. लॉज बंद. म्हणजे पाहुणे नाहीत, म्हणजे नियम नाही. आता ऐका."

माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी जे सांगितलं त्याची मी कल्पनाही केली नव्हती.

"पहिला दिवस गेला चादरीत," काकू म्हणाल्या. "सवय! पहाटे पाचला उठले, पलंगावरच्या चादरी काढल्या, अभ्रे वेगळे केले, घड्या घालून दाराबाहेर ठेवले. खोली आवरणारे गोव्याचे एक गृहस्थ होते, केस पिकलेले. ते घाबरले. त्यांना वाटलं आम्ही निघालो. दुसरा दिवस ह्यांनी जनरेटर शोधण्यात घालवला. कुणी आत सोडेना, शेवटी एका साहेबाने कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून एकमेकांना नुसतं विचारत होतो, चहा हवा का? नको. तुला हवा का? नको. विचारायला एवढी शांतता मिळाली आणि माझी जीभच उचलेना."

काका शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होते.

"तिसऱ्या दिवशी काचेच्या आत बसलो होतो. हे इकडेतिकडे बघून हळूच मला म्हणतात, 'अगं, ह्या बोटीवर एकही पोर कसं नाही? कसली साथ-बीथ तर आली नाही ना?' मी म्हटलं, साथ कसली, मुलांना बंदीच आहे इथे. म्हणतात, 'का?' म्हटलं, तुमच्या कानांसाठी! शोधून शोधून घेतलीय ही बोट. तर म्हणतात, 'माझ्या कानांना काय झालं?'"

"मग?"

"मग मी म्हटलं, शुक्रवारी यंत्र काढून डबीत ठेवता ते काय? पोरांच्या ओरडण्याने दुखतं म्हणूनच ना? हे म्हणाले, 'ते पोरांसाठी नव्हे. ते बेलसाठी.'"

काकांनी बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच ते आपण होऊन बोलले. "पोरं चालतात मला. पोरं बेल वाजवत नाहीत. सरळ आत येऊन सांगतात, काका, पाणी येत नाही. बेल मोठी माणसं वाजवतात. चार वर्षं झाली, मला ती बेल ऐकवत नाही. फळ्यावर दिवा लागला की मी तोंड फिरवतो. पण हिला सांगू कसं? हिचा सगळा जीव त्या लॉजात. हिच्या सासूने दिलेलं, हिने वाढवलेलं. बंद करू या म्हटलं असतं तर मोडून पडली असती. म्हणून यंत्र काढून ठेवायचो. ऐकूच आलं नाही तर काही बोलायलाच नको."

"ऐकलंत?" काकू माझ्याकडे वळल्या. "मी बंद करत नव्हते ह्यांच्यासाठी, हे बंद करत नव्हते माझ्यासाठी. आणि चार वर्षं ह्यांच्या वाटणीच्या बेलांनाही मीच जिने चढत होते! वर मी सगळा देश पालथा घालून बोट कुठली निवडली, तर बेल वाजवणाऱ्यांनी भरलेली! माझा असा संताप झाला सर, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच जमिनीवर बसकण मारली. लोकांना वाटलं मला बोट लागली. दोघं-तिघं लिंबू घेऊन धावत आले."

"मग विचारलंत?"

"लिंबू चोखत चोखत विचारलं. म्हटलं, बंद करायचं? म्हणाले, करू या. एवढंच. चार शब्दांचं काम होतं, सर." आणि काकू रडायला लागल्या. काकांनी खिशातला रुमाल काढून दिला, त्याच्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. मीही डोळे पुसले. मला लाज नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी माझी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. लॉज बंद, म्हणजे मलाही दुसरी खोली बघायला हवी होती. काकू दारात आल्या. "हे काय?" मी सांगितलं. "तुम्ही कुठे निघालात? लॉज बंद केलंय, घर नाही. आणि आम्हाला एक माणूस लागणार आहे, कोण बरोबर ते सांगायला." त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. पुस्तकं मात्र मी परत फळीवर लावली. पुढे तळा गावच्या शाळेत बदली होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो.

त्यानंतरचा पहिला शुक्रवार. शाळा सुटून मी गल्लीत शिरलो तर घरातून आरडाओरडा ऐकू येत होता. दोन आवाज, एकावर एक चढलेले. त्यातला एक काकांचा! त्या माणसाला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. चाचा त्यांच्या फाटकात घाबरून उभे होते. "सर, बघा जरा काय झालं ते. आयुष्य गेलं शेजारात, ह्या घरातून भांडणाचा आवाज आला नाही कधी."

मी धावतच आत गेलो. पडवीत दोन खुर्च्या समोरासमोर. काकांच्या दोन्ही कानांत यंत्रं, काकूंचे पाय स्टुलावर, दोघांचे चेहरे लाल. विषय एक प्रेशर कुकर होता, जो काकांनी काकूंना न विचारता आपल्या धाकट्या बहिणीला देऊन टाकला होता.

"त्याची शिट्टीसुद्धा नवीन होती!" काकू ओरडल्या.

"शिट्टी मी परत आणून दिली होती!" काका ओरडले.

"काकू, काका, शांत व्हा," मी धापा टाकत म्हटलं. "काय झालं एवढं?"

काकूंनी माझ्यासाठी पायानेच तिसरी खुर्ची पुढे ओढली.

"बसा सर, पण मधे बोलू नका. आत्ता कुठे आम्ही लग्नाच्या सातव्या वर्षापर्यंत आलोय."